सात माल्टांची अंबर एल

...नाही, मला एक सांगा, वाईट असेल तर माणसानं सरळ वाईट म्हणावं की नाही? पण आमच्या मिनेसोटात ते व्हायचं नाही. इथे तुमचं घर पेटलं तरी शेजारी म्हणणार, "आज जरा उबदार वाटतंय, नाही?" तुम्हाला सांगतो, जानेवारीपासून मी तळघरात बिअर करतोय आणि जानेवारीपासून एकच वाक्य ऐकतोय... "वेगळी आहे."

झालं काय, जूनमध्ये आमचे सासरेबुवा ऐंशी पूर्ण करणार. हार्लन त्यांचं नाव. आयुष्यभर डब्यातली तीच एक पांचट बिअर पीत आलेत, आणि तीस वर्षं झाली लग्नाला, मला अजून 'मार्लिसचा नवरा' म्हणतात, गॉर्डन अशी हाक म्हणून नाही. मी ठरवलं, वाढदिवसाला माझ्या हातची अंबर एल, म्हणजे तांबूस रंगाची बिअर, पुढे ठेवायची आणि म्हाताऱ्यानं ग्लास रिकामा केलाच पाहिजे. आणि कृती? ती दुसऱ्याची कशाला, माझी स्वतःची!

गेलो दुकानात. तिथे माल्टचे, म्हणजे मोड आणून भाजलेल्या सातूचे, डबे ओळीनं मांडलेले, एक साधा फिकट, एक टॉफीसारखा गोड, एक बिस्किटासारखा, एक कॉफीसारखा काळाकुट्ट... दुकानदार म्हणाला, "पहिलीच वेळ ना? दोन प्रकार घ्या, पुरे." दोन? दोन प्रकारांत कसली आलीय माझी कृती? मी सात घेतले.

पहिली खेप उतू गेली. मार्लिसची शेगडी चिकट, फरशी चिकट, माझे मोजे फरशीलाच राहिले. चोथा तिच्या कोंबड्यांना घातला, त्या तेवढ्या खूश. मग दोन आठवडे बादलीत आंबवली, दोन आठवडे बाटल्यांत फेस धरायला ठेवली, आणि ओतून बघतो तर अंबर कसली, डांबर! सासरेबुवांनी एक घोट घेतला, बाहेरच्या बर्फाकडे बराच वेळ बघितलं... "हं. वेगळी आहे." आणि ग्लास फुलदाणीमागे.

दुसऱ्या खेपेत गोडवा मारायला हॉप्सची फुलं वाढवली, तर कडू जहर. तिसऱ्या खेपेत कडवटपणा मारायला मेपलचा पाक घातला. "वेगळी आहे." ती बिअर क्लबात नेली, तिथे बारा जाणकार, एकानं उजेडात धरली, एकानं हुंगली, एकानं डोळे मिटले आणि म्हणाला, "यात बरंच काही चाललंय हो, गॉर्डन." शेवटी बायकोला म्हटलं, अगं, तू तरी खरं सांग. तर म्हणते, "मला मेलीला बिअरमधलं काय कळतंय? हॉटडिश वाढू का अजून?"

चौथी खेप मेमध्ये, शेवटची संधी. सात माल्टांच्या सात पुड्या मोजून बांधल्या, कृती कागदावर सुवाच्य लिहिली. सकाळी मार्लिस म्हणाली, "मी दळून पिशवीत भरते, तू पाणी तापव." मला वाटलं, पाघळली बिचारी. पिशवी पाण्यात सोडली, चष्म्यावर वाफ, मी कशाला आत बघतोय?

आणि वाढदिवसाला, गॅरेजमध्ये सगळं गोत जमलेलं, मी ओतली... लालसर, तांबूस, स्वच्छ! सासरेबुवांनी घोट घेतला. दारासमोरच्या तळ्याकडे बघितलं. माझा जीव टांगणीला. दुसरा घोट, तिसरा, ग्लास रिकामा, आणि तो पुढे करून म्हणाले, "गॉर्डन... वाईट नाही." अहो, वाईट नाही! इथे याहून मोठं कौतुक माणसाच्या मयतीतसुद्धा करत नाहीत. माझे डोळे भरून आले, कांदा नव्हता जवळपास, तरी कांद्यावर ढकललं.

मी कृतीचा कागद फ्रेम करायला शोधू लागलो तर मार्लिस भांडी पुसता पुसता म्हणते, "तो नको लावूस भिंतीला. पाच पुड्या मी कोंबड्यांना घातल्या. दोनच ठेवल्या, त्यातला साधा जरा वाढवला."

"अगं, मग इतके महिने बोलली का नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

तेवढ्यात सासरेबुवांची हाक, "गॉर्डन, तू नाही घेतलीस?" घेतली. काय सांगू तुम्हाला, आयुष्यात इतकी चांगली बिअर प्यायलो नव्हतो. आणि मार्लिस समोर उभी, हातात फडकं, विचारते, "कशी झालीय?"

मीही इथलाच. तळ्याकडे बघितलं आणि म्हटलं, "हं... वेगळी आहे."