उजवा बूट, क्रमांक सत्त्याऐंशी

मामा : नाही देणार म्हटलं ना. सहा वाजायला अजून पाऊण तास आहे.

भाची : मामा, दोनशे चाळीस बूट होते. दोनशे एकोणचाळीस लोकांनी नेले. तुझ्याकडचा हा एकच राहिलाय, आणि पाऊण तासात कोण येणार आहे?

मामा : आलं तर? मी काय सांगू, तुमचा बूट नेला म्हणून?

भाची : दहा दिवस झाले. रोज मेसेज पाठवतेय, तीनदा फोन केला, उचलत नाही कुणी. दहा दिवसांत नेला नाही तर परत घ्यायचा आणि कापून टाकायचा, असा नियमच आहे. दुकानाच्या काचेवर लिहून लावलाय.

मामा : नवाकोरा बूट कापायचा. तुमच्या साहेबांना कात्री चालवायला दुसरं काही मिळत नसेल तर इकडे पाठव. सोळा पँटी पडल्यात खालून कमी करायच्या.

भाची : लिमिटेड एडिशन आहे ते. एकटा बूट बाहेर राहिला तर उद्या कुणीतरी दसपट किमतीला विकायला काढेल.

मामा : एक बूट कोण घेणार?

भाची : काचेच्या कपाटात ठेवायला घेतील. तुला हे लोक माहीत नाहीत, मामा.

मामा : नसायला काय झालं? पाच जण येऊन गेलेत इथे, तिथेच उभे होते तू उभी आहेस तिथे. तू पहिल्यांदा आलीस तेव्हा मी काय म्हणालो होतो, आठवतं?

भाची : म्हणालास, बुटके, लोक कामासाठी चपला झिजवतात आणि तू त्यांना बुटासाठी झिजवायला लावतेस.

मामा : तसंच होतं ते. डावा बूट दुकानात रांग लावून विकत घ्यायचा आणि उजव्यासाठी उरलेले अर्धे पैसे घेऊन खोक्यातल्या चिठ्ठीवरचा पत्ता शोधत फिरायचं. तेही कुणाकडे, तर दिवसभर पायावर उभं राहून काम करणाऱ्याकडे. बेकरीवाली, सलूनवाला, पंपावरची पोरगी आणि मी. मला वाटलं, बहिणीची मुलगी शिकून शिकून कामातून गेली.

भाची : आईलाही तेच वाटलं होतं.

मामा : मग तो हृदयाचा डॉक्टर आला. पासष्टीचा असेल. घरात एकशे साठ जोड आहेत म्हणाला, आणि घालतो किती, तर चार. बाकीचे नुसते बघायला. खोकं उघडताना हातमोजे घातले त्याने. मी म्हटलं, डॉक्टर, ऑपरेशन करताय का?

भाची : हसले का?

मामा : हसला, पण मोजे काढले नाहीत. मग त्याचं लक्ष माझ्या टेबलाकडे गेलं. मी कोटाची बाही कापत होतो. तासभर बघत बसला. विचारलं, तुमचे पाय दुखत नाहीत? म्हटलं, एकोणतीस वर्षं झाली, आता ते कुणाला सांगत नाहीत. तर त्याने मला या स्टुलावर बसवलं, घोटे दाबून बघितले, कुठल्या शिरेने दुखतं ते सांगितलं. आणि जाताना, बुटके, दोन्ही बूट पायात घालून गेला. म्हणाला, घेतल्या दिवशी बूट घालायची माझी ही पहिलीच वेळ.

भाची : हे तू मला आधी नाही सांगितलंस.

मामा : तू विचारलंस कुठे? तू रोज फोनवर एकच विचारतेस, किती गेले, किती राहिले. ती ढगळ कपड्यांची मुलगी आली, तिने हुडीची उसवलेली चेन माझ्याकडून बसवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी चार मैत्रिणी घेऊन आली. पूर्वी लोक ढगळ झालं म्हणून आत घ्यायला यायचे. आता नवी पँट आणतात आणि ढगळ करून द्या म्हणतात. पण कापडाची नजर आहे पोरींना. माझ्या शिलाईकडे इतकं निरखून माझ्या गुरूनेही बघितलं नव्हतं. तुझ्या डोक्यातून निघालंय हे सगळं. मी नाक मुरडलं होतं, ते मागे घेतो.

भाची : मामा, असं बोलायला लागलास तर मी हा बूट नेऊ कशी?

मामा : म्हणूनच बोलतोय.

(दाराशी कुबड्यांचा आवाज. चाळिशीची एक बाई उंबऱ्यापाशी थांबते. तिच्या डाव्या पायात नारिंगी टाचेचा नवा बूट आहे. उजवा पाय गुडघ्यापासून नाही.)

बाई : शिंपीमामा आपणच का? चिठ्ठीत हाच पत्ता आहे. सत्त्याऐंशी नंबर.

मामा : या ताई, या. पायरी जरा उंच आहे. बुटके, तो कपड्यांचा ढीग उचल, स्टूल दे त्यांना.

बाई : बसत नाही, एक निरोप सांगायचाय फक्त. रोज मला मेसेज येतो, तुमचा उजवा बूट तुमची वाट पाहतोय. काल आला, उद्या सहानंतर तो भेटणार नाही. म्हटलं, बुटाचं ठीक आहे, पण त्याच्याबरोबर कुणीतरी माणूसही खोळंबलं असेल. तेव्हा माझ्यासाठी थांबू नका, एवढंच.

मामा : मेसेज हिने लिहिलेत. ही माझी भाची, त्याच कंपनीत असते.

भाची : ताई, मला माफ करा. ते सगळ्यांना एकच जायचे. मला माहीत नव्हतं.

बाई : माहीत असायचं काही कारण नव्हतं. खरं सांगू? पहिला आला तेव्हा मी हसले. घरात वाचूनही दाखवला. सहाव्या दिवशी मात्र फोन उलटा ठेवायला लागले.

भाची : कसलं लिहिलं मी. बसा ना, प्लीज.

बाई : बसते. तुझ्यावर रागावून नाही आले मी. उलट मला तुला बघायचंच होतं. मी दातांच्या कवळ्या बनवते, दिवसभर खाली मान. त्या दिवशी सुट्टी काढून तुमच्या रांगेत तीन तास उभी होते. माझी पाळी आली तेव्हा त्या पोराने एक बूट काढला, डावा, कागदात गुंडाळून खोक्यात ठेवला आणि पैसे घेतले. एकाचेच. अर्धे. मी म्हटलं, बस? तो म्हणाला, हो मॅडम, इथे एकच मिळतो.

मामा : मग?

बाई : मग काही नाही. बाहेर येऊन कठड्यावर बसले आणि घातला. पंधरा वर्षं झाली मामा. इतक्या वर्षांत एकाही दुकानाने मला एक बूट दिला नव्हता. एक मागितला की आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग खाली बघतात, मग मॅनेजरला बोलावतात. तुमच्या दुकानात कुणी खाली बघितलंच नाही. माझ्या पुढच्यालाही एकच मिळाला, मागच्यालाही एकच.

भाची : हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

बाई : म्हणून तर चांगलं वाटलं. लक्षात येऊन केलं असतं तर त्यात दया आली असती.

भाची : ताई, हे लोकांना कळलं ना, तर... म्हणजे तुमचा एक फोटो, कठड्यावर बसलेला, पुढे हा बूट. मला दुसरं काही लिहावंच लागणार नाही.

मामा : बुटके.

बाई : बोलू द्या तिला. काम आहे तिचं, आणि ती त्यात हुशार आहे. पण नको. बूट माझ्या पायात आहे तेवढा पुरे, माझा पाय तुमच्या जाहिरातीत नको.

भाची : नाही घेणार. साहेबांनाही सांगणार नाही. तोंडातून निघून गेलं.

बाई : निघून गेलं ते बरं. मनात ठेवून हळूच फोन वर केला असतास तर मी लगेच उठले असते.

मामा : ताई, एक विचारू? इतकी वर्षं दुसरा बूट टाकूनच द्यायचा का?

बाई : आधी टाकत होते. मग आमच्यासारख्यांच्या व्यायामाच्या केंद्रात एक वही निघाली. कुणाला डावा लागतो, कुणाला उजवा, कुणाचा नंबर काय. त्यात मला माझा जोडीदार सापडला.

मामा : म्हणजे यजमान?

बाई : नाही हो. यजमानांना दोन्ही पाय आहेत, आणि दोन्ही घरात असतात, सोफ्यावर. हा बुटाचा जोडीदार. शाळेत गणित शिकवतो. त्याला उजवा लागतो, मला डावा, माप दोघांचं सात. सहा वर्षं झाली, एक जोड घेतो आणि वाटून घेतो.

भाची : किती छान आहे हे.

बाई : छान आहेच. पण त्याची आवड बघितलीस तर तुझी नोकरी जाईल. काळा, तपकिरी, फार चैन केली तर राखाडी. वर्गात पोरं हसतात म्हणतो. मग मीच नमतं घेते. सहा वर्षं मी हेडमास्तरांसारखे बूट घालतेय. म्हणून त्याला न विचारता रांगेत उभी राहिले. एक तरी बूट असा हवा होता की त्यात कुणी वाटेकरी नाही.

मामा : बरोबर केलंत.

बाई : आता तुमच्याकडच्याचं काय करायचं ते करा. मी निघते.

भाची : तो परत जाईल. आणि मग... नियमाप्रमाणे कापतात.

बाई : कापतात?

भाची : एकटा बूट कुणी विकू नये म्हणून.

बाई : बघू दे जरा.

मामा : हा घ्या. टाचेची शिलाई बघा, दुहेरी धागा आहे, आणि वळणावर टाके जवळजवळ घेतलेत, ताण तिथेच येतो म्हणून. ज्याने कुणी शिवलाय त्याच्या हाताला सलाम. दहा दिवस रोज सकाळी फडकं मारतोय मी याला.

बाई : माझ्या बुटापेक्षा चमकतोय हा.

मामा : तुमचा चाललाय, हा बसलाय.

बाई : कापू नका याला. एकदा झालं तेवढं पुरे.

भाची : माझ्या हातात असतं तर ताई...

बाई : नंबर सत्त्याऐंशीच्या मालकाच्या हातात आहे ना? ती मीच आहे. मी माझ्या वतीने माणूस पाठवला तर चालेल?

भाची : चालेल. चिठ्ठीमागे सही करा.

मामा : तुम्हाला तो एकटीचा हवा होता, ताई. मन मारून देऊ नका. मी हा शिलाई मशीनखाली लपवतो आणि हिच्या साहेबांना सांगतो, उंदराने नेला.

बाई : डावा तर एकटीचाच आहे माझा. नारिंगी मी निवडला, रांगेत मी उभी राहिले, ते काही तो वाटून घेऊ शकत नाही. थांबा, लावते फोन. हॅलो, मी बोलतेय. शाळा सुटली का? ऐक, एक बूट आहे उजवा, सात नंबर. नाही, काळा नाही. टाच नारिंगी आहे. हो, नारिंगीच. लेस पिवळी. ऐकतोयस ना? हो, माझ्याकडे आहे डावा, दहा दिवस झाले. नाही सांगितलं. कारण तू नाही म्हणाला असतास.

मामा : रागावले का?

बाई : म्हणतोय, वर्गात पोरं हसतील. हं, बोल. तू ये तर खरं. पत्ता पाठवते. शिंपीमामांचं दुकान, एक उंच पायरी आहे. सावकाश ये. येतोय तो.

भाची : मी ऑफिसला कळवते, सत्त्याऐंशी नंबर गेला म्हणून. आणि उद्या साहेबांपुढे एक गोष्ट ठेवते. या एडिशनपुरतं नाही, रोजच्या मालासाठी. ज्याला एक हवा त्याला एक, अर्ध्या किमतीत. उरलेल्यांची यादी करून त्या वहीतल्या लोकांना विचारू. फोटो नाही, गोष्ट नाही. दुकानात फक्त एक पाटी लावायची, 'आमच्याकडे एक बूटही मिळेल'.

मामा : पाटी कशाला? पाटी लावली की लोक पाटीखाली कोण उभंय ते बघतात. काउंटरवरच्या पोरांना शिकव, आलेल्या प्रत्येकाला विचारायचं, जोडी की एक? मी नाही का विचारत, बटण की चेन?

बाई : प्रत्येकाला?

मामा : प्रत्येकाला. दोन पाय घेऊन आला तरी.

भाची : मामा, तू आमच्या ऑफिसात असायला हवा होतास.

बाई : खरंच करशील हे? साहेब ऐकतील?

भाची : दोनशे चाळीसपैकी दोनशे चाळीस गेलेत, ताई. आठवडाभर तरी माझं ऐकतील. तेवढ्यात करून घेते.

बाई : हॅलो, अरे, आहेस तू अजून? मला वाटलं ठेवलास. काय? परत सांग.

मामा : काय म्हणतात?

बाई : विचारतोय, मी लेस कशी बांधलीय. त्याला तशीच बांधायचीय.