गटाराच्या तिन्ही वाटा

मी मातालेना, एतेउआती बसवाल्याची विधवा, वय अठ्ठावन्न (हवालदार लोतोमाऊनं साठ लिहिलं होतं, ते खोडायला लावलं), धंदा चटया विणणं, शिक्षण गावच्या शाळेत सहावी, राहणार वाईसोआ, उपोलू बेट, सामोआ. चौकीत स्वतः येऊन, कुणी न दटावता सांगते ते असं.

मी घरात एकटी असते. नवरा अंगणातच पुरलाय. आमच्यात तशीच रीत आहे. त्याच्या थडग्याच्या ओट्यावर मी संध्याकाळी टेकते. ओट्याला लागून गावचं नवीन गटार जातं, गटारापलीकडे पटांगण, आणि पटांगणापलीकडे लेमालूंचं घर. लेमालू आमचे मुखिया. तक्रार त्यांचीच आहे, की मी प्रार्थनेच्या वेळी गावात फिरले, राखणीवरच्या फेतूला भरीला घालून गटाराची भिंत फोडली आणि पटांगणात पाणी घातलं.

फिरले हे खरं आहे. भिंत फोडली हेही खरं आहे. पुढचं ऐकून घ्या.

गटार आखलं ते आपिआ शहरातल्या पेनिआमिना इंजिनिअरनं. पोरगा बरा आहे, बारीक आहे. गावसभेत त्यानं कागद पसरून सांगितलं होतं, की डोंगराचं पाणी एकदम समुद्राकडे ढकलून चालायचं नाही, भरतीला समुद्र ते घेत नाही. पटांगण गुडघाभर खाली घेऊ, पाणी तिथं थांबू दे, ओहोटी लागली की हळूहळू जाईल. लेमालूंनी विचारलं, मुखिये बसतात तिथं आता बदकं बसवायची का. सगळं गाव हसलं, मी जरा जास्तच. त्या दिवसापासून मी त्याला तळ्याचा जावई म्हणायचे. तो रागवायचा नाही.

मग गावाच्या मनासारखं झाकलेलं गटार झालं. वरच्या तोंडाला गज बसवले, नारळ आणि डुकरं आत जाऊ नयेत म्हणून. वाटेत बोल्टनं आवळलेल्या जाळ्या, पोरं पडू नयेत म्हणून. खाली समुद्राशी लोखंडी झडप, ती आतल्या पाण्यानं उघडते आणि भरती आली की समुद्र तिला दाबून मिटवतो.

गेल्या गुरुवारी पेनिआमिना आला तो माझ्यासाठीच. पाऊस आणि भरती एकदम आली की गटाराचं पाणी माझ्या चुलीपर्यंत यायचं, म्हणून मीच निरोप धाडला होता. ओहोटी होती. माझ्याकडे टारोचे कंद आणि मासा खाल्ला. मी म्हटलं, अजून घे, पण फार घेतलंस तर आत अडकशील. तो हसला आणि गेला. झडप ओंडक्यावर टेकवून तो खालच्या तोंडानं आत शिरला. हे मी पाहिलं नाही, त्यानं नंतर सांगितलं.

विचारल्यावरून सांगते की, हो, अडकशील असं मी म्हटलं होतं.

सूर्य बुडताना प्रार्थनेचा शंख झाला. शंख झाला की आमच्यात कुणी घराबाहेर पाऊल टाकत नाही, पुन्हा शंख होईपर्यंत. कुणी फिरू नये म्हणून राखणीला माझ्या कोपऱ्यावर फेतू उभा होता, हातात काठी. आमच्याकडे पाऊस नव्हता, पण डोंगर काळा पडला होता. मी चटईवर बसून पहिलं स्तोत्र म्हणत होते, तेवढ्यात ओट्याकडून ठकठक आली. मी गाणं थांबवलं. पुन्हा ठकठक.

दारातून फेतूला विचारलं, ऐकतोस का. त्याचं तोंड पांढरं पडलेलं. म्हणाला, "काकू, आत जा. काका ठोकतायत."

मी म्हटलं, "तो जिवंतपणी कधी दार ठोकून घरात आला नाही, आता कुठली रीत शिकला?"

आणि मी बाहेर पडले. फेतूनं काठी आडवी धरली. मी काठीखालून गेले.

ओट्याजवळच्या जाळीखाली पेनिआमिना होता. पाणी त्याच्या छातीला. भरतीनं ओंडका वाहून गेला होता आणि झडप मिटली होती. वर गज होते, डोक्यावर जाळी. बोल्ट खाऱ्या हवेनं गंजलेले, फेतूनं काठी घालून पाहिली, काठीच मोडली. जाळीतून माझी दोन बोटं आत गेली, तेवढीच त्यानं धरली.

तो म्हणाला, "मावशी, माझ्या आईला सांगा..."

मी म्हटलं, "तुझं तू सांग. मी काय टपाल वाटते?"

पाणी त्याच्या गळ्याशी आलं. मी विचारलं, तळ्याचे जावई, तुमच्या कागदावर आता काय लिहिलंय. त्यानं मान वर करून तोंडातलं पाणी थुंकलं. मग म्हणाला, वरच्या गजांना बोळे कोंबा आणि तिथली पटांगणाकडची भिंत फोडा. पाणी तिकडे जाऊ द्या.

फेतू म्हणाला, पटांगणात? लेमालू मला गावाबाहेर काढतील. मी त्याला म्हटलं, तू भिंत फोड, मी फोडली म्हणून सांग. त्यानं पहार आणली. मी घरातून चटया आणल्या. झोपायच्या दोन कोंबल्या, पाणी थांबेना. मग पेटीतली बारीक विणीची कोंबली, तसली आमच्यात लग्नाला नाहीतर मातीलाच देतात. ती कुठली चटई होती ते लेमालूंना ठाऊक आहे, नवऱ्याच्या मातीला तेच आले होते. इथं लिहायची गरज नाही.

भिंत पडली तसं पाणी पटांगणात पसरलं. लेमालूंच्या घरातलं स्तोत्र मला ऐकू येत होतं. पाणी त्यांच्या पायरीशी गेलं, त्यांनी कडवं सोडलं नाही. पाणी मात्र पायरी चढलं नाही. मी परत जाळीपाशी बसले. वरून पाणी यायचं थांबलं तसं आतलं झडपेच्या फटीतून हळूहळू झिरपत गेलं. पेनिआमिनाचं नाक वर होतं, मग हनुवटी दिसली, मग खांदे. शंख सुटला तसं गाव धावत आलं, कुणीतरी मशीन आणून बोल्ट कापले.

तो आता इस्पितळात आहे. पोटात गटाराचं पाणी गेलंय, ते उतरेल. नर्सबाई सांगतात, खोलीचं दार लावू देत नाही.

पटांगणातलं पाणी दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरलं. संध्याकाळी त्याच चिखलात क्रिकेट झालं. माझी चूल कोरडी राहिली. गावसभेनं मला एक डुक्कर आणि माशाच्या डब्यांची खोकी दंड लावला, तो मी भरते, शंखाचा नेम मोडला तो मोडला.

पण लेमालू भिंत परत बांधा म्हणतात. त्याला माझी ना आहे. पोरगा बरा होऊन, दार लावून झोपायला लागून, स्वतः येऊन बांधा म्हणेपर्यंत मी त्या भगदाडात बसणार. मला उचलायचं तर लोतोमाऊनं उचलावं, लहानपणी मी त्याला पुष्कळ उचललंय.

हा जबाब लोतोमाऊ मला वाचून दाखवत असताना शंख झाला, म्हणून मध्येच थांबलो. डोंगराकडे गडगडत होतं. शंख सुटेपर्यंत दोघंही चौकीखालच्या गटाराकडे कान देऊन बसलो. काही ऐकू आलं नाही. मग उरलेला वाचला. मी सांगितला तसाच आहे. सही करते.