देवाची फुलं हुंगत नाहीत

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. आधी एक सांगा. माणूस निर्दोष आहे हे ठाऊक असून जो गप्प बसतो, तो भक्त कसला? माना कशाला खाली घालता? अजून आख्यान सुरूही झालं नाही!

ऐका. आपला पोपट रासकर. वीस वर्षं तुमच्या फुलांच्या करंड्या याच्याच टेंपोतून बाजाराला गेल्या. नाक्यावर पोलिसांनी टेंपो अडवला. एका करंडीत वर झेंडू आणि खाली — गांजा! साहेब म्हणाला, "तुला वास नाही आला?"

पोपट म्हणतो, "साहेब, देवाची फुलं हुंगत नाहीत. बांधलेली करंडी आम्ही सोडतसुद्धा नाही."

साहेब हसला. पोपट आत गेला. आणि ज्याची करंडी होती, तो त्याच दिवशी गावातून पसार! हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे.

आता वजन. शहाण्यांनी करंडी, ओलं पोतं, झेंडू, सगळं एकदम काट्यावर चढवलं! भरलं बावीस किलो. कायदा म्हणतो, गांजा वीस किलोच्या वर गेला की जामीन जवळजवळ विसरा. आठ महिने पोपट आत. शेवटी वकीलबाईंनी कोर्टाला विचारलं, "साहेब, झेंडू कुणी चिलमीत भरतं का?" कोर्टानं पंचनामा पुन्हा वाचला. सोमवारी जामीन मंजूर झाला.

सुटला? छे! जामीनदार पाहिजे ना. सातबारा घेऊन सही करणारा एक माणूस. पोपटची बायको सिंधू दारोदार फिरली. कुणी म्हणालं, "कोर्टाची पायरी नको गं बाई." कुणी म्हणालं, "पोरीचं लग्न ठरतंय." एक महाभाग तर विचारतो, "मग आमची फुलं आता कोण नेणार?" अरे, लाज वाटत नाही तुम्हाला? मला तर संताप येतो तुमचा!

त्यानं तुमची करंडी कधी हुंगली नाही. विश्वासानं उचलली. आणि तुम्ही माणूस हुंगून बघताय!

ती बघा, सिंधू खांबाला टेकून बसली आहे. माझ्या नावावर गुंठाभर जमीन नाही, नाहीतर तुमच्या तोंडाला लागलो नसतो. उद्या अकराला कोर्ट उघडतं. सातबारा घेऊन कोण येतंय, ते उभं राहून सांगा. तोवर मी आरती म्हणणार नाही. बसतो मी इथंच.