रेल्वेच्या पुलावरचा गिऱ्हा

सरका रे, आगीजवळ सरका. आणि ऐका.

आपल्या नदीवर होडी होती तेव्हा गिऱ्हा उताराला, होडी लागायची तिथं, बसायचा. बुडून मेलेल्याचं भूत ते! वाटसरूला भुलवायचं, खोल पाण्यात न्यायचं. पुढं होडी बंद पडली, माणसं रेल्वेच्या पुलावरून नदी ओलांडायला लागली. मग गिऱ्हा काय करणार? तोही पुलावर राहायला गेला!

एका रात्री सोनकाकी निघाली. सोनकाकी म्हणजे आपली सुईण. पलीकडच्या वाडीत तिची लेक वनिता अडली होती. रस्त्यानं फिरून जावं तर उजाडणार. काकीनं नवं पातं फडक्यात गुंडाळलं, कमरेला खोचलं आणि अनवाणीच पुलावर चढली. त्या पात्यानं नाळ कापायची, दुसरं काही म्हणजे काही कापायचं नाही. सुईणीचा नेमच तो!

मध्यावर आली, तर मागून जावयाची हाक. "मामी, परत फिरा! वनिता सुटली, मुलगा झाला. सकाळी या सावकाश."

काकीचे डोळे भरले. पाऊल थबकलं. पण अरे, जावई तर पलीकडच्या तीरावर, मग आवाज अलीकडून कसा? वळली नाही ती. चालत राहिली.

मग समोरच्या बोगद्यातून उजेड! शिट्टी! काकीनं वाकून रुळाला तळवा लावला. रूळ गार. गप्प.

"खोटी गाडी दाखवतोस होय रे मेल्या? स्टेशनमास्तरला सांगू?"

उजेड विझला. आता ऐका हां. पायाखालचा पूलच दिसेना! समोर जुना उतार, होडी, होडीत एक झिपऱ्या माणूस. "बस काकी, लेकीकडे सोडतो. तुला फुकट!"

काकीला भूल पडली. तिनं एक पाय उचलला. होडी कसली बाबांनो, ती पुलाची कड! खाली काळं पाणी! पण दुसरा पाय रुळावर होता, आणि रूळ थरथरला.

खरी गाडी!

काकीनं पातं उपसलं, गिऱ्ह्याच्या झिपऱ्या धरल्या. केस कापले की गिऱ्हा कापणाऱ्याचा गडी होतो, जन्मभर पाणी भरतो. "पूल दाखव! नाहीतर कापते!" दरडावलं ते नुसतं तोंडानं. खरंच कापले तर पातं बाटणार, मग नातवंडाची नाळ कशानं कापायची? पण हे गिऱ्ह्याला कुठं ठाऊक?

"नको गं काकी, केस नको!"

भूल फिटली. शेजारीच गँगमनला उभं राहायला केलेला सज्जा होता. काकीनं त्यात उडी घेतली आणि गाडी धडाडधड गेली. पदर वाऱ्यावर, जीव मुठीत!

गाडी गेली, तर गिऱ्हा कठड्यावर पाय सोडून रडतोय. "उतार सुटला, इथं आलो. आता म्हणे नवा पूल होणार, कडेनं माणसांची वाट, वर दिवे. मग मी कुठं जाऊ?"

"खेकडे राख जा!" म्हणाली काकी, आणि पळत सुटली. नात झाली तिला. कोऱ्या पात्यानं नाळ कापली. पोरीनं असं भोकाड पसरलं की बोगदा घुमला!

नव्या पुलाचे खांब उभे राहतायत. माणसांना वाट हवीच म्हणून आपण सगळे भांडलो, ती मिळेल. तोवर कितीही घाई असो, रुळावरून नदी ओलांडायची नाही. फिरून जा. गिऱ्ह्याच्या नोकरीचे शेवटचे दिवस आहेत रे, हल्ली तो झोपतसुद्धा नाही.