आत्याचं छान वाढतंय

...अन् वर तोंडावर म्हणाले, "वा! छान वाढतंय!" आता तुम्हीच सांगा, समोर पडद्यावर आपल्या सख्ख्या आत्याची कॅन्सरची गाठ भिंतभर पसरलेली, अन् पुण्याहून गाडी करून आलेले आमच्या कमिटीचे चेअरमन चष्मा कपाळावर सारून म्हणतात, छान वाढतंय! बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या! त्या टाळ्या घेऊन मी काय करायचं होतं? बिडकीनला नेऊन आत्याला द्यायच्या होत्या?

थांबा, असं मधूनच नाय कळायचं तुम्हाला. मी फकिरा. बिडकीनचा. संभाजीनगरात कॅन्सरवर पीएचडी करतो. करतो म्हणण्यापेक्षा माझ्याकडून करून घेत्यात, कारण आमचा प्रोग्रॅम स्ट्रक्चर्ड हाय! पूर्वी कसं होतं, एक गाईड, एक शिष्य. शिष्यानं गाईडची भाजी आणायची, गाईडची पोरं शाळेत सोडायची, अन् एक दिवस गाईडला दया आली की झाली पीएचडी. आता तसं नाय. आता आधी वर्गात बसायचं, मग तीन लॅबमध्ये पाहुण्यासारखं थोडं थोडं राहायचं, मग त्यातल्या एकीनं ठेवून घ्यायचं, अन् दर सहा महिन्याला सल्लागार कमिटीपुढं उभं राहून सांगायचं, कुठवर आलं. सगळ्याचा कोर्स हाय! आकडेवारीचा कोर्स, नीतिमत्तेचा कोर्स, अपयश कसं पचवावं ह्याचा कोर्स! काम अन् घर ह्याचा तोल कसा राखावा ह्याचं लेक्चर ठेवलं, कधी? रविवारी! सकाळी! म्हणजे घरी जायचं सोडून घरी कसं जावं ते ऐकत बसलो.

तर माझं काम काय? दवाखान्यात पेशंटच्या गालातली गाठ काढली की तिचा एक तुकडा बर्फात घालून आमच्या लॅबला येतो. तो मी डिशमध्ये वाढवायचा अन् त्याच्यावर औषधं टाकून बघायची, कशानं मरतो. दिवसाआड त्याला खायला घालायचं. तुकड्याला नाव नसतं, नंबर असतो. नीतिमत्तेच्या कोर्सात घोकून घेतलं होतं, की पेशंट कोण ते संशोधकाला कळता कामा नये. बरोबर हाय. पण तो कोर्स लिहिणाऱ्याला आमची वच्छलाआत्या कुठं माहीत होती?

वच्छलाआत्या म्हणजे वडलांची थोरली बहीण. मी रांगत होतो तवा माझी आई गेली, अन् आत्या नवऱ्यामागं माहेरी आलेली, तिनंच मला मोठं केलं. आमच्या घरात आई हा शब्द फोटोसाठी होता, कामाला आत्या. बोलायला लागली की पैठणच्या एष्टीतली माणसं उतरायचं इसरायची! अन् मिश्री. पोरीपणापासून मिश्री. मी लॅबमध्ये जिच्याविरुद्ध पोस्टर लावतो ती मिश्री आत्या माझ्यासमोर बसून लावायची, अन् म्हणायची, "तू शीक बाबा, माझं काय ऱ्हायलंय आता." ...तर तिच्या गालात गाठ निघाली.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरनं विचारलं, "आजी, गाठीचा तुकडा संशोधनाला देता का?" आत्या म्हणली, "कुणाला?" डॉक्टर म्हणला, "ते सांगता येत नाही." आत्या म्हणली, "तुम्ही नका सांगू, मी सांगते. गालाच्या गाठीवर ह्या शहरात आमच्या फकिराबिगर कोण करायलंय? त्यालाच द्या. अन् चांगला मोठा द्या, हात आखडू नका!" झालं! अख्ख्या वॉर्डाला कळलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर बर्फाचा डबा, वर नंबर. अन् तोंडाची पट्टी निघाली तसा आत्याचा फोन, अर्धे शब्द गळत व्हते... "पोचले का रं मी?"

मी पळत आमच्या ताहेरा मॅडमकडं. मॅडम माझ्या गाईड. खुलताबादच्या. लई चांगलं माणूस. कपाळाला हात लावला त्यांनी, "या अल्ला, फकिरा, अब क्या करें? वर कळवावं लागंल बघ." कळवलं. वरून काय उत्तर आलं? सॅम्पलला नंबर आहे, सबब ओळख नाही! अरे, ओळख नाय कशी? ती गाठ ज्या गालातली, त्या गालाचे मी मुके घेतल्यात!

अन् आत्यानं तर सासरी गेलेल्या लेकीसारखी चौकशी लावली. "जेवती का रं ती?" म्हणलं, जेवती. "वेळेवर?" म्हणलं, दिवसाआड. "काय खाती?" आता इथं मी गप बसायला पायजे होतं का नाय? पण स्ट्रक्चर्ड शिक्षण! खरं बोललो. म्हणलं, तांबडं पाणी असतं, त्यात वासराच्या रक्तातलं पाणी घालत्यात. मग म्हणली, "फकिरा, मी माळकरीण. जन्मात अंड्याला हात लावला नाय. अन् माझी गाठ वासरू खायली?" म्हणलं, आत्या, आता ती तुझी नाय, संशोधनाची. इचार करून म्हणली, "बरं, खाऊ दे बाई. तिचं पाप तिच्यापाशी. पोराचं काम व्हऊ दे."

अन् झालं की काम! बाकीच्यांचे तुकडे आठवडाभरात मान टाकायचे, पण आत्याची गाठ... काय सांगू! डिश पुरना, मोठ्या बाटलीत हलवली. कमिटी म्हणाली, छान वाढतंय! सेमिनारला सगळे म्हणाले, छान वाढतंय! बाजूच्या लॅबमधली पोरं बघायला यायची, माझ्या पाठीवर थापा मारायची. अन् मी हसायचो. खोटं कशाला सांगू, पयल्यांदा मी खरंच हसायचो. म्हणलं, तिच्यातनं निघाली, बाटलीत वाढायली, वाढू द्या की.

मग आत्याच्या गळ्याला पुन्हा लागली हाताला. गाठ. नवीन.

डॉक्टरनं औषध चालू केलं, सलाईनमधनं. तेच औषध माझ्या कपाटात होतं. मी आत्याच्या पेशींवर टाकलं. ह्या मेल्या तर माझ्यापाशी वाढणारं दुसरं काहीच नव्हतं, थिसिस तिथंच संपला असता. रोज सकाळी मायक्रोस्कोपला डोळा लावायच्या आधी हात जोडायचो... देवा, मरू दे. माझा प्रयोग बिघडू दे. माझी पीएचडी बुडू दे, पण ह्या मरू दे! जगात कुठला इद्यार्थी असं मागतो व्हो? डोळा लावला की काय? छान वाढतंय! दुसरं औषध टाकलं... छान वाढतंय! मॅडमनं स्वतः सर्जनला फोन केला. ते म्हणले, बाटलीत होतं ते माणसात होईलच असं नाही. तरी त्या भल्या माणसानं औषध बदललं. पण आत्या लहानपणापासून मला सांगायची, मी खरी हाय, माझं पोटात एक ओठात एक नसतंय. बाटलीतबी खरी निघाली. गळ्यातबी तशीच.

शेवटाला तिच्या घशाखाली पेज उतरंना. अन् इकडं मी तिच्या गाठीला दिवसाआड जेवू घालायलो. ह्याच हातानं. ती तिथं उपाशी, गाठ इथं पोट भरून. सांगा, अपयश पचवायचा कोर्स हाय, यश पचवायचा कुठं हाय?

एकदा गेलो. बोलणं बंद झालं होतं तिचं. जिच्यामुळं एष्टीतली माणसं उतरायचं इसरायची, ती गप पडलेली. मला बघितलं अन् पाच बोटं जुळवून तोंडाकडं नेली. म्हणलं, व्हय आत्या, जेवली ती, सकाळीच घातलं. तिनं मान हलवली. नाय. माझ्या छातीवर बोट ठेवलं अन् पुन्हा तेच... तू? तू जेवला का?

मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. गाठीला घालून तसाच आलो होतो.

...गेली. गुरुवारी.

दहावा पैठणला, गोदाकाठी. पिंड ठेवला. कावळे हाय की नाय? लई! झाडं काळी झाली होती, पण एक खाली येईना. वडील म्हणले, अक्का, घराकडं बघतो. नाय. कुणी म्हणलं, मिश्री ठेवा. ठेवली. नाय. ऊन चढलं. अन् मग आमचे चुलत आजोबा तात्यासाहेब काठी टेकवत उठले, मोठ्यानं म्हणले, "कावळा शिवल कसा? बाई पुरती मेलीच नाय! निम्मी तिकडं बाटलीत जित्ती हाय, ह्या पोरापाशी!" सगळा घाट माझ्याकडं बघायला लागला. तात्यासाहेब म्हणले, "तू शिकलेला. खरं सांग, संपली का नाय ती?" काय सांगू? नीतिमत्तेत नव्हतं हे, आकडेवारीत नव्हतं. म्हणलं, नाय तात्या. वाढायलीय.

भटजीसुद्धा मागं सरकले!

"मग तूच बोल तिच्याशी," तात्यासाहेब म्हणले. मी पिंडापुढं बसलो, हात जोडले. म्हणलं, आत्या, पीएचडी पुरी करीन. कावळे जागचे हलले नाय. मागनं कुणीतरी पुटपुटलं, ह्यावर कोण इश्वास ठेवल? मी डोळे मिटले. रडू आलं, म्हणलं, आत्या... ती उपाशी ऱ्हायची नाय. अन् मीबी जेवत जाईन.

तात्यासाहेब बोंबलले, "शिवला!"

आता ती शपथ झाली. इकडं प्रयोग संपले, कमिटी म्हणाली पेशी टाकून द्या. कसं टाकू? मी आपला दिवसाआड जातो, खायला घालतो, बसतो. थिसिस तिथंच. मॅडमनं महिनाभर बघितलं, मग जवळ बसून म्हणल्या, "बेटा, गोठवून ठेव. नायट्रोजनमध्ये गोठली की भूकच लागत नाय रे. तुझी शपथबी मोडत नाय." शास्त्रानं बरोबर हाय. पण उणे एकशे शहाण्णव डिग्री! माझ्या आत्याला! जी वैशाखात गोधडी घेऊन झोपायची!

गोठवली. काय करणार? मॅडम बाजूला उभ्या होत्या, त्यांनी झाकण धरलं, मी नळ्या सोडल्या. नियम असा की मग एक नळी परत काढून बघावी लागती. काढली, बघितली, अन् परवा कमिटीपुढं गेलो. चेअरमन म्हणाले, "छान. गोठवताना काही मेलं नाही ना?"

म्हणलं, नाय सर. पेशी सगळ्या जगल्या. आमची आत्या तेवढी गेली.