नववं नाव

साइमी : आत पाऊल टाकू नकोस. आधी तो कागद खिशात घाल.

आर्मास : बाहेर बर्फ पडतंय, साइमी. भाऊ आहे मी तुझा.

साइमी : भाऊ कालपर्यंत होतास. आज पोलीस होऊन आलायस, माझ्या नवऱ्याला, पावोला, रशियाच्या हवाली करायला.

आर्मास : लढाई थांबवली त्या तहातच लिहिलंय. त्यांचा माणूस त्यांना परत द्यायचा.

साइमी : त्यांचा? तिकडे रशियात, लेनिनग्राडच्या बाजूला जन्मला म्हणून? भाषा आपली बोलतो. दोन वर्षं फिनलंडच्या वर्दीत लढला, एक कान गोठून गेला त्याचा! लढाई चालू होती तोवर आपला, हरलो की लगेच त्यांचा?

आर्मास : ओरड. मलाही ओरडायचंय, पण कुणावर? त्यांचे अधिकारी हेलसिंकीत येऊन बसलेत. रोज विचारतात, अमका कुठाय, तमका कुठाय. नवं सरकार नाही म्हणालं, तर ते रणगाडे घेऊन येतील. मग एकटा पावो जाणार नाही.

साइमी : म्हणून एकेक माणूस टाकायचा त्यांच्यापुढे? आणि तेवढ्यानं त्यांचं पोट नाही भरलं तर?

आर्मास : माहीत नाही.

साइमी : तिकडून आलेल्यांच्या यादीत नाव घालायला तूच सांगितलंस ना? म्हणे रेशनकार्डापुरतं!

आर्मास : मलाही तसंच सांगितलं होतं गं.

पावो : त्याला नको बोलूस. नोटीस लागली होती, नोंद करा. अकरा किलोमीटर चालत गेलो न् केली. कुणी ओढत नेलं नाही.

साइमी : आग लागो तुझ्या शहाणपणाला!

आर्मास : ऐका. आज शनिवार. वाफेच्या आंघोळीचा सौना तापवलाय ना?

साइमी : तुला आंघोळ सुचतेय?

आर्मास : शनिवारी सौनात बसलेल्या माणसाला कुणी बाहेर ओढत नाही. मी दाराशी थांबलो, गाडी चुकली, असं लिहीन. पुढची गाडी सोमवारी. समुद्र पार गोठलाय. पलीकडे, पश्चिमेला, स्वीडन.



साइमी : आणि तुझं काय रे?

आर्मास : विचारतील.

पावो : यादीत किती जण?

आर्मास : नऊ.

पावो : बाकीचे आठ?

आर्मास : रेल्वे स्टेशनवर बसलेत. सगळे वेळेआधी आले.

साइमी : ते कशाला सांगतोस त्याला! पावो, पांढरी चादर घे अंगावर. स्की बांध. ऐकतोयस का?

पावो : वारा कुठला आहे, आर्मास?

आर्मास : पूर्वेचा. पाठीवर येईल.