डॉक्टरवर संशय घेऊ नकोस

मध्यंतराला चहाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या शिंपीणबाईंचं डोकं नुसतं भणभणत होतं. जुन्या रहस्यपटांची याद यावी असा झकास पिक्चर, पण खुनी कोण याचा थांगच लागत नव्हता. एवढ्यात मागे एक नवरा-बायको बोलू लागले.

“अहो, माझा संशय डॉक्टरवर आहे.”

“छे गं! डॉक्टर बिचारा जिन्यावरून पडून मरतो.”

“मरतो?”

“म्हणजे... मरेल असं वाटतंय.”

“जिन्यावरूनच?”

“अशा पिक्चरमध्ये जिना असतोच.”

“तुम्ही हा पाहिलाय.”

“परवा तर लागलाय! कधी पाहणार?”

“शुक्रवारी. ऑफिसात थांबावं लागलं म्हणालात, तेव्हा.”

“बरं, पाहिला. एकटाच आलो होतो.”

“एकटे? घरी टीव्हीवर भुताचं काही लागलं तरी माझा हात धरून बसता तुम्ही.”

“थेटरात आजूबाजूला माणसं असतात.”

“मघाशी आरशाच्या सीनला सगळं थेटर किंचाळलं. तुम्ही आधीपासूनच हसत माझ्याकडे बघत होतात. शुक्रवारी कोणाचा हात धरला होतात?”

“रांग सरकली बघ पुढे.”

“सरकू दे.”

घंटा झाली. शिंपीणबाई चहा न घेताच आत जाऊन बसल्या. दिवे मालवले, तशी ती बायको एकटीच वाकून त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपाशी आली.

“इथं कोणी बसलंय का हो?”

“नाही, बसा की.”

ती बसली. पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाली, “पिक्चर फार छान आहे, नाही? अर्धा टाकून घरी जाववेना.”